दृढीकरणानंतर युवक धर्मग्रामापासून दूर का जातात? वसईच्या अनुभवावरून काही विचार

पश्चिमपट्टी (धागालेखक)

वसई धर्मप्रांत 1998 साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला. त्या वर्षी बाप्तिस्मा झालेली मुले आता तिशीकडे झुकली आहेत. त्यांच्यापैकी कितीजण रविवारच्या मिस्सेपलीकडे (चर्चमधील उपासनेपलीकडे) आपल्या धर्मग्रामाशी, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समूहाशी, काही संबंध ठेवून आहेत, हा प्रश्न आमच्या पालकीय मंडळाच्या (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाच्या) बैठकीत निघाला आणि नेहमीप्रमाणे ‘हल्लीची मुले मोबाईलमध्येच असतात’ या उत्तरावर मिटला. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

बालकांसाठी आपली व्यवस्था भक्कम आहे. रविवारचे धर्मशिक्षण, प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराची तयारी, वेदीसेवकांचा गट, मे महिन्यातील शिबिर आणि शाळेच्या वरच्या इयत्तांमध्ये दृढीकरण (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा संस्कार), असा ठरलेला क्रम आहे. लग्न ठरलेल्यांसाठी विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर सक्तीचे आहे. मात्र या दोहोंच्या मध्ये जी दहा-बारा वर्षे जातात, त्यांतच माणूस शिक्षणाची शाखा निवडतो, पहिल्यांदा नापास होतो, पहिला पगार घरी आणतो, प्रेमात पडतो, दारूची चव घेतो, देव खरोखरच आहे का असे स्वतःला विचारतो आणि वाडी विकायची की राखायची या घरातल्या वादात पहिल्यांदा आवाज चढवतो. या वर्षांसाठी धर्मग्रामाजवळ काय आहे, तर युवा मंडळ आहे. आणि त्या मंडळाच्या वर्षभराच्या कामाची यादी काढली तर नाताळचा गोठा, कॅरोल, क्रिकेटचे सामने, चर्चच्या सणाला खुर्च्या मांडणे आणि गाड्यांची व्यवस्था पाहणे, एवढेच हाती लागते. मुलांचे हात आपल्याला हवे असतात. त्यांच्या डोक्यात काय चालले आहे याची चौकशी मात्र फारशी कोणी करत नाही.

माझे म्हणणे असे की युवकांना टिकवण्यासाठी आणखी कार्यक्रम नकोत. प्रत्येक युवकाला ओळखणारे, त्याच्या मागे न लागता त्याच्या संपर्कात राहणारे एखादे प्रौढ माणूस धर्मग्रामात असले पाहिजे, आणि युवकांच्या हाती खरी जबाबदारी, म्हणजे निर्णय व पैसा यांसह, सोपवली गेली पाहिजे. ही कल्पना माझ्या पदरची नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये रोम येथे बिशपांची जी सिनड (धर्मसभा) भरली, तिचा विषयच युवक, त्यांची श्रद्धा व जीवनातील निवड हा होता, आणि त्यानंतर मार्च 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या उद्बोधनात युवकांना सोबत करणाऱ्या माणसांची घडण हा स्वतंत्र भाग आहे. सोबत करणाऱ्याने चौथऱ्यावर चढू नये, स्वतःच्या मर्यादा ओळखाव्यात, आणि युवकाला आपल्या मागून चालायला न लावता त्याच्या बरोबरीने चालावे, असा त्यातील एकूण आशय आहे. हे उद्बोधन आपल्याकडे पोहोचले नाही असे नाही. त्यावर भाषणे झाली, भित्तिपत्रके लागली आणि आपण पुन्हा क्रिकेटच्या सामन्यांकडे वळलो.

पद्धतीचाही एक नमुना आपल्यापुढे आहे. बेल्जियममधील धर्मगुरू जोसेफ कार्डिन यांनी 1925 मध्ये कामगार युवकांची संघटना उभारली. पाहा, पारखा, कृती करा, अशी तिची तीन पायऱ्यांची रीत होती, आणि 1961 मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या विश्वपत्रात ती उचलून धरली. वसईच्या युवकांच्या गटाने हीच रीत घेऊन आपल्याच गावाकडे पाहावे. विहिरींचे पाणी का मचूळ झाले, जमिनीचे व्यवहार कोणाच्या सहीने होतात, लग्नाच्या हळदीत किती दारू वाहते, याची माहिती त्यांनीच गोळा करावी, शुभवर्तमानाच्या प्रकाशात ती पारखावी आणि मग झेपेल ते एक काम हाती घ्यावे. यातून जेवढे धर्मशिक्षण होईल, तेवढे आणखी एका प्रश्नमंजूषेतून होणार नाही असे मला वाटते.

इतर धर्मग्रामांत काय चालते, काय फसले, हे जाणकारांनी लिहावे.


रविवारची_बाई

मी बरीच वर्षे धर्मशिक्षण देते. दृढीकरणाचा वर्ग हा आपल्याकडे निरोपसमारंभ झाला आहे, हे कटू असले तरी खरे आहे. मुलेही तसेच म्हणतात: ‘टीचर, आता सुटलो.’ प्रश्नोत्तरे पाठ करून, बिशपांसमोर चुकायचे नाही या भीतीने तयारी झाली, तर त्या संस्कारानंतर सुटल्याचीच भावना येणार.

धागालेखकांनी सोबत्याची कल्पना मांडली आहे, तिच्याबद्दल एक सुचवते. त्यासाठी नवी समिती नेमण्याची गरज नाही, कारण चर्चने ही जागा आधीच निर्माण करून ठेवली आहे. दृढीकरणाच्या वेळी मागे उभे राहून खांद्यावर हात ठेवणारे धर्मपिता किंवा धर्ममाता हे केवळ छायाचित्रासाठी नसतात. 1983 च्या कॅनन लॉमधील (कॅथलिक चर्चच्या कायद्यातील) कलम 892 नुसार, दृढीकरण झालेली व्यक्ती ख्रिस्ताची खरी साक्षीदार म्हणून वागेल आणि संस्काराने आलेली कर्तव्ये पाळील याकडे लक्ष देणे हे त्यांचे काम आहे. पुढचे कलम तर असे सुचवते की बाप्तिस्म्याच्या वेळचेच धर्मपिता वा धर्ममाता याही वेळी असावेत, म्हणजे नाते जन्मापासूनचे राहील. आपण मात्र ही निवड घड्याळ कोण देईल, सोन्याची चेन कोण घालील, कोणत्या आत्याचा मान राहून गेला आहे, यावर करतो.

आमच्याकडे एका वर्षी फादरांच्या संमतीने एवढाच बदल केला की दृढीकरणाच्या आधी मुलांइतक्याच बैठका धर्मपिता-धर्ममातांच्याही घेतल्या. येणाऱ्यांपैकी काही कुरकुरले, काहींनी येण्याचे टाळले, पण जे आले त्यांच्यापैकी अनेकांना आपले कर्तव्य पहिल्यांदाच समजले. त्यांच्याकडून एकच मागणे केले होते: पुढची पाच वर्षे त्या मुलाच्या वाढदिवसाला, निकालाच्या दिवशी आणि आगमनकाळात (नाताळआधीच्या आठवड्यांत) त्याच्याशी निवांत बोला, आणि बोलताना ‘मिस्सेला जातोस ना?’ हा पहिला प्रश्न असू देऊ नका. सर्वांनी ते पाळले असे म्हणणार नाही. ज्यांनी पाळले, त्यांची मुले धर्मग्रामात दिसत नसली तरी कोणाला तरी ठाऊक असतात, हा फरक मला मोठा वाटतो.


विरार_लोकल

मी चोवीस वर्षांची आहे आणि या धाग्यावर ज्यांच्याविषयी बोलले जात आहे त्यांच्यापैकी एक आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते.

पहिली गोष्ट वेळेची. मी सकाळी सातच्या सुमारास घर सोडते आणि अंधेरीहून परत येईपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. युवा मंडळाची बैठक रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर असते, म्हणजे आठवड्यातील एकमेव सकाळी, जेव्हा घरची कामे साचलेली असतात. बैठकीत काय ठरते, तर पुढच्या कार्यक्रमाला टी-शर्टचा रंग कोणता असावा. हे एकदा-दोनदा अनुभवल्यावर माणूस जाणे सोडतो, आणि मग प्रवचनात ऐकतो की युवकांना देवासाठी वेळ नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. कॉलेजात आणि कार्यालयात आमचे बहुतेक मित्रमैत्रिणी ख्रिस्ती नसतात, आणि त्यांच्यातूनच प्रेम जुळणे हे आता अपवादाचे राहिलेले नाही. अशा वेळी मुलीच्या कानावर धर्मग्रामातून पहिला शब्द पडतो तो दटावणीचा असतो, आणि तोही बहुधा शेजारणीच्या मुखातून. माझ्या एका मैत्रिणीची अशी समजूत होती की हिंदू मुलाशी लग्न केल्यास आपण चर्चबाहेर टाकल्या जाऊ. प्रत्यक्षात बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी होणाऱ्या विवाहाला बिशपांकडून सूट मिळण्याची तरतूद आहे. कॅथलिक जोडीदाराने आपली श्रद्धा राखण्याची आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याची हमी द्यायची असते, आणि दुसऱ्या जोडीदाराला त्या हमीची कल्पना द्यायची असते. त्या मुलालाही हे आधी कळायला हवे, कारण त्याच्यासाठी तो लहान प्रश्न नाही. हे सारे शांतपणे, दोघांना समोर बसवून, नाते पक्के होण्याआधी समजावणारे कोणी तिला भेटले असते, तर तिने काय ठरवले असते ते मी सांगू शकत नाही. ती निदान समजून उमजून ठरवू शकली असती. विवाहपूर्व शिबिर येते तेव्हा हॉलची अनामत भरून झालेली असते. त्याचा उपयोग नवरा-नवरी झालेल्यांना होतो, निवड करणाऱ्यांना होत नाही.

आम्हाला सल्ल्याचा कंटाळा आहे असे समजू नये. सल्ला देणाऱ्याने आधी पूर्ण ऐकून घ्यावे, आणि ऐकलेले आमच्या आईपर्यंत संध्याकाळच्या आत पोहोचू नये, एवढीच अट आहे.


जुना_गावकर

धागालेखकांच्या तळमळीबद्दल आदर ठेवून काही मतभेद नोंदवतो. कार्यक्रमांना त्यांनी फारच खालच्या पायरीवर बसवले आहे. आमच्या तरुणपणी नाताळच्या नाटकाची तालीम महिना-दीड महिना चाले. पडदे रंगवण्यापासून वर्गणी मागण्यापर्यंत सर्व काही पोरेच करत, आणि त्या तालमींतून कोणी बोलायला शिकला, कोणी हिशेब ठेवायला शिकला, कोणाचा राग ताळ्यावर आला. पुढे 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा धर्मगुरू पाणी, झाडे व शेतजमिनी यांच्यासाठी रस्त्यावर उतरला, तेव्हा सभेची बातमी एका रात्रीत गावोगाव पोहोचवणारी माणसे कोठून आली? ती या नाटकवाल्या, व्हॉलीबॉलवाल्या पोरांतूनच आली. हेच फादर पुढे 2020 मध्ये धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या पिढीला जो आनंद झाला त्यात त्या दिवसांच्या आठवणीचा मोठा वाटा होता.

म्हणून क्रिकेटचे सामने बंद करू नका. सामने कोण भरवतो आणि हिशेब कोण लिहितो ते पाहा. आज सारे काही कंत्राटाने येते. मंडप कंत्राटी, ध्वनिक्षेपक कंत्राटी, गोठासुद्धा कारागीर बोलावून करून घेतात. पोरांना फक्त उभे राहायचे काम उरले आहे, हे तुमचे निरीक्षण मात्र बरोबर आहे.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. पैसेवाल्या घरची मुले आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घरची मुले आता एका बाकावर बसत नाहीत. वसईत नव्याने राहायला आलेली मंगळुरी, गोवेकर, तमिळ, मल्याळी कॅथलिक कुटुंबे आहेत, आणि त्यांच्या मुलांना आमची बोली येत नाही म्हणून ती युवा मंडळाच्या दारातूनच परत जातात. आमची बोली टिकावी असे मलाही मनापासून वाटते, पण ती टिकवण्यासाठी दुसऱ्याच्या पोराला बाहेर उभे करणे मला पटत नाही.


मास्तरांची_लेक

येथील चर्चा वसईपुरती चालली आहे, म्हणून अहिल्यानगर जिल्ह्याच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे एका धर्मग्रामात अनेक खेडी येतात. फादर मुख्य केंद्रावर असतात, आणि वस्तीवर प्रार्थना घेणे, मुलांना शिकवणे, आजाऱ्याकडे जाणे हे सारे काम मास्तर, म्हणजे धर्मशिक्षक, करत आले. माझे वडील तेच करत. आमच्या युवकांना विरार लोकल नाही आणि वाडी विकण्याचा प्रश्नही नाही, कारण बहुतेकांकडे विकण्यासारखी जमीनच नाही. दहावी-बारावी झाली की मुलगा चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागतो, चौघांत एक खोली घेतो आणि तेथे त्याचा धर्मग्राम कोणता हे त्याला किंवा तेथील धर्मगुरूंना ठाऊक नसते.

शिवाय आमच्या मुलांपुढे जातीच्या दाखल्याचे कोडे असते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी केवळ हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांनाही मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो मिळत नाही. गावात वागणूक जुन्या जातीची आणि कागदावर सवलत नाही, या पेचात सापडलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला धर्मग्रामाने केवळ धीराचे चार शब्द सांगून चालणार नाही. त्याच्या कागदपत्रांत काय लिहिले आहे, कोणती शिष्यवृत्ती त्याला लागू होते, अर्जाची मुदत कधी संपते, हे सांगणारे माणूस चर्चच्या आवारात ठरलेल्या दिवशी बसले पाहिजे. धर्मभगिनींच्या बोर्डिंगांनी आमच्या आईच्या पिढीतील मुलींना शिकवले. ते ऋण मोठे आहे, पण बोर्डिंगमधून बाहेर पडल्यानंतर त्या मुलीचे काय झाले याची नोंद ठेवण्याची रीत नव्हती आणि आजही फारशी नाही.

संत जॉन बॉस्को यांचे नाव युवकांच्या कार्यक्रमांत नेहमी घेतले जाते. त्यांनी ट्युरिनमध्ये मुलांसाठी खेळ आणि प्रार्थना तर ठेवलीच, पण 1850 च्या दशकात शिकाऊ कामगार मुलांसाठी मालकांशी लेखी करार केले, ज्यांत मालकाने काय शिकवायचे, कोणते काम सांगायचे नाही आणि सुट्टी केव्हा द्यायची हे नमूद असे. ठेकेदाराकडे राबणाऱ्या आमच्या मुलांना नेमकी हीच मदत हवी आहे.

दोन गोष्टी करता येतील. गाव सोडणाऱ्या प्रत्येक युवकाचे नाव, तो जात असलेल्या ठिकाणच्या धर्मग्रामाला फादरांनी कळवावे. एक फोन पुरेसा आहे. आणि सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेसाठी ही मुले कोठूनही येतातच, तेव्हा दुकाने आणि पाळणे यांच्या शेजारी त्यांना नोकरी, कागदपत्रे, कर्ज, लग्न यांविषयी बोलता येईल अशी एक जागा असावी.


ऐकणारा

व्यवसायाने मी समुपदेशक आहे. वर सोबत करण्याविषयी जे लिहिले गेले ते योग्य आहे, परंतु ती सोबत सुरक्षित असावी यावर अजून कोणी लिहिले नाही, आणि तो भाग वगळून हे काम सुरू करणे मला धोक्याचे वाटते.

अठरा वर्षांखालील मुलामुलीशी एकट्याने, बंद खोलीत, रात्री उशिरा खासगी संदेशांतून ‘मार्गदर्शन’ करण्याची मुभा कोणालाही असू नये. मग ती व्यक्ती धर्मगुरू असो, धर्मशिक्षक असो की युवा मंडळाचा लोकप्रिय दादा. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार, असा गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या किंवा तो घडण्याची शक्यता दिसणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. ‘आपापसात मिटवू, चर्चचे नाव नको’ या वाक्याला कायद्यात जागा नाही, आणि पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये काढलेल्या नियमांनंतर चर्चच्या अंतर्गत व्यवस्थेतही धर्मगुरू व धर्मभगिनींवर अशी बाब वरिष्ठांना कळवण्याचे बंधन आले आहे. सोबत्यांच्या पहिल्या प्रशिक्षणाचा पहिला तास यासाठीच ठेवावा.

विरार_लोकल यांनी गुप्ततेची अट घातली, ती रास्त आहे, पण तिच्या मर्यादाही युवकांना आधी सांगायला हव्यात. प्रायश्चित्त संस्कारात सांगितलेले धर्मगुरू कोणत्याही परिस्थितीत उघड करू शकत नाहीत. इतर संभाषणाला ते संरक्षण नसते. एखादी मुलगी जीव देण्याविषयी बोलत असेल तर सोबत्याने गप्प राहता कामा नये. ही सीमारेषा पहिल्याच भेटीत सांगितली, तर पुढे विश्वासघात झाल्याची भावना येत नाही. माझा अनुभव असा की नैराश्य, दारू आणि ऑनलाइन जुगार या तीन बाबतींत चांगल्या मनाचा माणूस फार वेळ एकट्याने झुंजत राहतो आणि तज्ज्ञाकडे पाठवायला उशीर करतो. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. बालकांसाठी 1098 आहे. हे दोन्ही क्रमांक सूचनाफलकावर नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) वेळापत्रकाशेजारी लावायला कोणाचीच हरकत नसावी. प्रार्थनेने बरे वाटते, ते मी नाकारत नाही. पण औषध चालू असलेल्या मुलाला ‘श्रद्धा कमी पडली’ असे कोणी सांगू नये.


एक_सहाय्यक_फादर

मी धर्मगुरू आहे आणि हा धागा पहिल्यापासून वाचत आहे. वरील तक्रारींपैकी बऱ्याच मला मान्य आहेत. आमच्या बाजूची एक अडचण सांगतो. युवकांचे काम बहुधा सहाय्यक धर्मगुरूकडे येते, आणि सहाय्यकाची बदली काही वर्षांतच होते. मुलांचा विश्वास बसायला जेवढा काळ लागतो, साधारण तेवढ्याच काळात त्याचे सामान बांधायची वेळ येते. नवा धर्मगुरू गिटार वाजवणारा असेल तर मंडळ बहरते, नसेल तर कोमेजते. म्हणून हे काम प्रापंचिकांच्याच, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या भाविकांच्याच, हाती असले पाहिजे. आम्ही त्यात असू, पण आमच्यावर ते अवलंबून नसावे.

पैसा आणि निर्णय यांविषयी: कॅनन लॉनुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक आहे, तर पालकीय मंडळ बिशपांच्या निर्णयाने स्थापन होते आणि त्याचा अधिकार सल्ल्याचा असतो. दोन्ही ठिकाणी पंचविशीच्या आतील सभासद घेण्यास माझ्या माहितीप्रमाणे कोणताही नियम आड येत नाही. आड येते ती आमची सवय. युवा मंडळाच्या अध्यक्षाला ‘निमंत्रित’ म्हणून बोलावून शेवटच्या पाच मिनिटांत त्याचे दोन शब्द ऐकणे म्हणजे सहभाग नव्हे. ज्या युवकाने महाविद्यालयात वाणिज्य शाखा घेतली आहे, त्याला चर्चचा ताळेबंद समजतो. कदाचित म्हणूनच आम्हाला तो बैठकीत नको असतो. (हे वाक्य माझे सहकारी हसून घेतील अशी आशा आहे.)

आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची कथा आपण शौर्याची म्हणून सांगतो. युवकांना मी ती वेगळ्या अंगाने सांगतो. कोवळ्या वयात ते येशूसंघीयांबरोबर (जेझुइट धर्मगुरूंबरोबर) जपानला गेले आणि तेथे धर्मशिक्षकाचे काम केले, पण त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, त्यात जमही बसवला, आणि पुढे मनिलामध्ये ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर जाण्याआधीचे त्यांचे अर्धे आयुष्य नकार, धंदा आणि दिशा बदलणे यांत गेले होते. नीटची परीक्षा पुन्हा देणाऱ्या मुलाला, किंवा सेमिनरी सोडून घरी आल्यामुळे गावात मान खाली घालून वावरणाऱ्या मुलाला, ही बाजू ऐकवली तर तो मान वर करतो, असे मी पाहिले आहे. सेमिनरीतून परतलेल्यांना धर्मग्रामाने कसे वागवावे हा तर वेगळ्या धाग्याचा विषय आहे.


पश्चिमपट्टी (धागालेखक)

सर्वांचे आभार. जुना_गावकर यांचा आक्षेप मला पटला. सामने राहतील, मात्र त्यांचे आयोजन आणि हिशेब मुलांकडे जाईल, असा ठराव पुढच्या बैठकीत मांडतो. रविवारची_बाई यांनी सुचवलेल्या धर्मपिता-धर्ममातांच्या बैठका आम्ही येत्या दृढीकरणापासून सुरू करू शकू, आणि त्यांतील पहिला तास सुरक्षिततेच्या नियमांसाठी ठेवू. ‘ऐकणारा’ यांना विनंती की त्यांनी त्या तासाची रूपरेषा येथेच लिहावी, म्हणजे इतर धर्मग्रामांनाही ती वापरता येईल. मास्तरांची_लेक यांनी सुचवलेली गाव सोडणाऱ्यांची नोंद वसईलाही लागेल, कारण आमची मुले पुण्याला, आखाताला आणि कॅनडाला जातात, आणि तिकडे गेल्यावर त्यांच्याशी आमचे नाते सणाच्या वर्गणीपुरतेच उरते.

विरार_लोकल यांना एक विचारायचे आहे. बैठक रविवारी संध्याकाळी सात वाजता, चर्चच्या आवाराबाहेर कोणाच्या तरी ओटीवर ठेवली, आणि विषय तुम्हीच ठरवले, तर याल का?


विरार_लोकल

संध्याकाळी सात चालेल. पहिला विषय अर्थसमितीचा ताळेबंद असावा, आणि तो आदल्या आठवड्यात वाचायला मिळावा. मैत्रिणींनाही विचारते; त्यांतील दोघी कॅथलिक नाहीत, त्या आल्या तर चालेल का, हे आधी कळवावे.